बाहेरचा बॉल

सातपूर, नाशिक
३ मार्च २०२४

प्रिय मोहिनी,

जय भीम.

हे पत्र तू फाडून टाकशील असं धरूनच लिहितेय. तुझा मोबाईल नोव्हेंबरपासून बंद आहे. भिकन काकांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, "ती झोपेल शे." दुसऱ्यांदा माझं नाव ऐकून फोन ठेवला. मग आईच म्हणाली, पोस्टाने लिही, कागद कोणी कट करत नाही.

माझ्या बॅटवरचा बॉल तुझ्या डाव्या डोळ्यावर लागला त्याला साडेतीन महिने झाले. सॉरी हा शब्द मी इतक्यांदा लिहून खोडला की पहिले दोन कागद वाया गेले. तर तो आता एकदाच लिहिते. सॉरी.

मैदानावर मी जाते. जायला नको वाटतं, पण घरी बसले तर जास्त त्रास होतो. महेश सर म्हणतात, झालं ते झालं, सप्टेंबरला राज्याच्या सॉफ्टबॉल संघाची निवड आहे, तिकडे बघ. पण मोहिनी, माझ्याकडून बाहेरचा बॉल मारला जात नाही. आतला मारते, मधला मारते. प्लेटच्या पलीकडच्या कडेवरून, माझ्यापासून लांब जाणारा बॉल आला की हात आखडतात. मग एकदम घाई होते आणि बॉल बॅटच्या टोकाला लागून डावीकडच्या शॉर्टस्टॉपकडे घरंगळत जातो. आता हे सगळ्या पिचरना कळलंय. परवा धुळ्याच्या मुलींशी सराव सामना होता. त्यांच्या पिचरने मला चार वेळा बाहेरचेच टाकले. चारही वेळा आउट. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला घाबरवायला पिचर लागत नाही, नुसती रेघ ओढा प्लेटच्या बाहेर."

चार वर्षं तू टाकलेस आणि मी मारले. माझ्या स्विंगबद्दल तुला जेवढं माहितीये तेवढं सरांनाही नाही. पण तुला हे विचारायला मी कोण? तरी लिहिलं. आता खोडत नाही.

तुझी तब्येत कशी आहे एवढं तरी कळव.

तुझी,
रोशनी


नामपूर, ता. बागलाण
१९ मार्च २०२४

रोशनी,

पत्र फाडलं नाही. वाचायला दोन दिवस लागले. मोबाईलच्या उजेडाने चांगला डोळाही दुखतो म्हणून डॉक्टरांनी तो बंद ठेवायला सांगितलाय. कागद चालतो, पण सकाळच्या उजेडात आणि थोडाथोडा.

तब्येत विचारलीस. डोळा जागेवर आहे, त्यातून दिसत काही नाही. गालाच्या हाडात धातूची पट्टी बसवलीये, थंडीत ती ठणकते. एका डोळ्याने जग सपाट दिसतं. वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. चहा कपात ओतायला जाते तो ओट्यावर पडतो. आई फडकं घेऊन उभी असते. तिचं ते गप्प उभं राहणं मला सहन होत नाही.

आता तुझ्या बॉलचं. तू लिहिलंस की हात आखडतात. हात नाही, तुझा डावा खांदा आधी उघडतो. डोळ्यासमोर आणलं तरी मला ते दिसतं. तू बॉल डावीकडे ओढतेस, कारण तो सरळ पिचरकडे जायला नको असं तुला वाटतं. बाहेरचा बॉल डावीकडे ओढायला गेलं की तो टोकालाच लागणार. त्याला उजवीकडे, राइट फील्डला द्यायचं असतं. आणि उजवीकडे द्यायचा तर त्याला उशिरा भेटायचं. पुढे जाऊन नाही. त्याला प्लेटवर येऊ दे, तुझ्या मागच्या गुडघ्यासमोर येऊ दे. खांदा बंद, हात छातीजवळून, बॅटचं टोक सगळ्यांत शेवटी. रबरी नळीच्या स्टँडवर बॉल ठेवून तो प्लेटच्या बाहेरच्या कडेला, मागच्या पायाच्या रेषेत ठेव. रोज शंभर मार. तिथला बॉल डावीकडे ओढताच येत नाही.

आता माझं काम. मला त्या दिवशीचं काही आठवत नाही. बसमधून उतरले, पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधली, एवढंच. त्यानंतर हॉस्पिटलचा पंखा. क्लबच्या समितीने बापूंना पत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय, "खेळाडू स्वतःहून संरक्षक जाळीच्या बाहेर आल्याने अपघात घडला." सोबत फोटो. सरावात जिच्याआडून मी टाकते ती लोखंडी चौकटीची जाळी पिचिंगच्या जागेसमोर उभी आहे. बापू रोज एकदा तरी म्हणतात, "जाळी व्हती ना? मग बाहेर कसाले गयी?"

मलाही तेच विचारायचंय. चार वर्षांत मी कधी जाळीबाहेर पाऊल टाकलं नाही. त्या दिवशी का टाकलं? तू समोर होतीस. तू बघितलं असशील.

मोहिनी


सातपूर
३० मार्च २०२४

प्रिय मोहिनी,

जय भीम. तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि जिन्यातच बसले. दुसऱ्या शिफ्टची माणसं घरी येत होती, मला ओलांडून वर जात होती, पण मी उठले नाही.

तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे. खांदा! सरावानंतर अंजलीला मागे उभं करून मोबाईलवर शूटिंग घेतलं. बॉल अर्ध्या वाटेत असतानाच माझा खांदा उघडलेला असतो, जसं काय कोणी दार ढकललंय. स्टँड प्लेटच्या बाहेरच्या कडेला लावला. पहिल्या दिवशी शंभरातले सत्तर जमिनीत गेले, बॅट नळीवरच आपटली. चौथ्या दिवशी थोडा आवाज बदलला. तुला माहितीये तो आवाज, बॉल बॅटच्या पोटाला लागल्यावरचा. पण स्टँडवरचा बॉल थांबलेला असतो. पिचरने टाकलेल्याची वाट बघवत नाही मला. वाट बघणं म्हणजे बॉल जवळ येऊ देणं, आणि तेवढ्यात छातीत धडधड सुरू होते. यावर काही सांग ना.

तू त्या दिवसाचं विचारलंस. मला नीट दिसलं नाही गं. संध्याकाळचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. बॉल लागला एवढंच कळलं. बाकी सगळं फार पटकन झालं.

भिकन काकांचं मनावर घेऊ नकोस. ते काळजीपोटी बोलतात.

माझी आई तुझी आठवण काढते. तिने तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्यात, कोणी सटाण्याकडे जाणारं भेटलं की पाठवते.

तुझी,
रोशनी


नामपूर
१६ एप्रिल २०२४

रोशनी,

जय भीम. परवा इथे जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा तुझी आठवण आली. दोन वर्षांपूर्वी तू मला सातपूरच्या मिरवणुकीत नाचायला लावलं होतंस.

धडधडीवर उपाय सांगते. मी टाकताना मनात एक-दोन म्हणायचे हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. पिचरने असलं काही सांगायचं नसतं. एकला गुडघा वर, दोनला बॉल हातातून सुटतो. प्रत्येक पिचरचं असं काहीतरी असतं. ते शोध. तिच्या दोनला तू पुढचा पाय हलकेच टेकव, फक्त टेकव. पाय टेकला म्हणजे मारायचंच असं नाही, हे शरीराला शिकव. हात तीनला निघतात. बाहेरच्या बॉलसाठी तीनच्याही थोडं नंतर. त्या मधल्या रिकाम्या जागेत तू श्वास सोड. छातीला काम मिळालं की ती धडधडत नाही.

तुला दिसलं नाही, हे वाचलं. म्हणजे मीच बाहेर आले असणार. तुला दिसलं असतं तर तू सांगितलं असतंस. आता तो विषय मी मनातून संपवला आहे.

तिसऱ्या वर्षाचे पेपर सुरू झालेत. मी देत नाहीये. बापूंना म्हटलं, हळूहळू वाचून लिहीन, नाशिकला सोडा. ते बाजार समितीतून आले होते, दिवसभर कांद्याची मापं करून अंगाला धूळ होती. हातपाय धुता धुता आईला म्हणाले, "जिले सोताना डोया सांभायता उना नही, ती पेपर काय लिखी?" माझ्याशी थेट बोलले नाहीत. नातेवाइकांचा विरोध पत्करून त्यांनी मला नाशिकला होस्टेलवर ठेवलं होतं. आता प्रत्येक जण त्यांना ऐकवून जातो, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नाही. पोरीचीच चूक होती म्हटल्यावर बाप काय बोलणार?

आणखी एक. मी महेश सरांना माफीचं पत्र लिहिलं. माझ्या बेशिस्तीमुळे त्यांना चौकशीला तोंड द्यावं लागलं, क्लबच्या नावाला बट्टा लागला, असं लिहिलं. खूप दिवस मनात होतं. पोस्टात टाकल्यावर हलकं वाटलं.

शेवया नकोत. चावताना गाल दुखतो. आईंना नमस्कार सांग.

मोहिनी


सातपूर
११ मे २०२४

प्रिय मोहिनी,

जय भीम. घाईत लिहितेय.

तुझं एक-दोन-तीन लागू पडलं. रविवारी मालेगावच्या पिचरचं बघत बसले, तिचा खालचा ओठ दुमडला की बॉल सुटतो. पाय टेकवला, श्वास सोडला, थांबले. बाहेरचा बॉल आला. मागच्या गुडघ्यापर्यंत येऊ दिला. राइट फील्डच्या डोक्यावरून गेला, मोहिनी. पुढच्या तीन डावांत आणखी दोन. निवडीच्या संभाव्य यादीत माझं नाव आलंय.

सरांना तुझं पत्र मिळालं. बाकी विशेष काही नाही.

उन्हाची काळजी घे.

रोशनी


नामपूर
१६ जून २०२४

रोशनी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. यादीत नाव आलं हे वाचून मी घरात कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सरांनी मला उत्तर दिलेलं नाही. ते रागावलेत का, जरा कानोसा घेशील? मी काही चुकीचं लिहिलं असेल तर परत लिहीन.

दुसरं एक तुला विचारायचंय, घरी विचारायची सोय नाही. आठ-दहा दिवसांपासून मला सारखा एक आवाज ऐकू येतो. भाकरी थापताना, अंगण झाडताना. पुरुषाचा आवाज. "घाबरतेस का?" एवढंच. सरांसारखा वाटतो. आणि मग कोणीतरी हसतं. नाशिकच्या डॉक्टरांना तपासणीच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, डोक्याला मार लागला की मन रिकाम्या जागा स्वतःच काहीतरी घालून भरतं, लक्ष देऊ नकोस. बापू बाहेर बसले होते, त्यांनी ते ऐकलं. बसमध्ये माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढे जाऊन बसले. आता आई मला विहिरीवर एकटीला जाऊ देत नाही.

असं कोणी त्या दिवशी म्हणालं होतं का? नसेल तर नाही म्हणून लिही. मी वेडी होतेय का एवढंच मला कळू दे. माझा माझ्यावर आता भरवसा राहिला नाही.

मोहिनी


सातपूर
२ जुलै २०२४

मोहिनी,

तू वेडी नाहीस. सर तसं म्हणाले होते. आणि हसले ती मी.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहवणार नाही.

जाळी नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या चौकटीचा एक पाय वेल्डिंगमधून निखळला होता आणि ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सर म्हणाले, वेल्डिंगवाला उद्या येईल. सातपूरमध्ये वेल्डिंगवाला मिळत नाही असं कोणी सांगितलं तर लोक हसतील, पण आम्ही कोणी काही बोललो नाही. तू बोललीस. तू म्हणालीस, "सर, जाळी?" सर म्हणाले, "आठ दिवसांवर स्पर्धा आहे. आणि चार पावलं पुढे येऊन टाक. हिचं टायमिंग सुधारायचं तर बॉल लवकर पोचला पाहिजे. सगळे बाहेरचे टाक." तू चार पावलं पुढे आलीस, अंतर बघितलंस आणि म्हणालीस, "सर, फार जवळ वाटतंय." त्यावर सर म्हणाले, "घाबरतेस का?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी हसले. मी म्हणाले, "टाक गं, मी राइटलाच मारते."

दहा बॉल मी राइटलाच मारले. अकराव्याला घाई केली. बॉल प्लेटवर यायच्या आधीच बॅट पुढे गेली, आणि तो आला त्याच रस्त्याने परत गेला. पापणी मिटायला लागतो तेवढासुद्धा उशीर केला असता तरी तो उजवीकडे गेला असता. तू हातसुद्धा वर केला नव्हतास. वेळच नव्हता.

सरांनी तुला त्यांच्या गाडीतून नेलं. अर्ध्या तासाने त्यांचा अंजलीला फोन आला, "ती जाळी पिचिंगच्या जागी नेऊन उभी करा, आणखी कोणाला लागायला नको." एक टोक अंजलीने धरलं, एक मी. निखळलेल्या पायाखाली वीट लावली. जमिनीवर तुझं रक्त होतं, त्यावर अंजलीने पायाने माती ओढली. तोपर्यंत मला खरंच वाटलं की सर काळजीने सांगताहेत. मग ते आले आणि त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. तेव्हा कळलं. अंजलीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद आला. "जाळी उभी होती. मोहिनी खैरनार स्वतःहून बाहेर आली." मी तो वाचला. न वाचता सही केली असं मला म्हणता येणार नाही. सर म्हणाले, क्लब बंद पडला तर वीस मुली घरी बसतील, आणि तुझं राज्याचं स्वप्नही. मी सही केली.

ऊन डोळ्यांवर नव्हतं. त्या दिवशी ढगाळ होतं.

अजून एक राहिलं. तुझं माफीचं पत्र सरांनी सरावानंतर सगळ्यांना गोल बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, "डोळा गेला तरी ही मुलगी चूक कबूल करते. याला शिस्त म्हणतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.

त्याच आठवड्यात मी तुझ्या शिकवण्याने ते तीन बॉल मारले.

यापुढे तुला काय वाटेल ते मला ऐकायचंय. काहीच न कळवता गप्प बसलीस तरी मला समजेल.

रोशनी


सातपूर
४ ऑगस्ट २०२४

मोहिनी,

तुझं उत्तर नाही. मागत नाही. झालं ते फक्त कळवते.

तुला पत्र टाकल्यावर पप्पांना सांगितलं. ते लेथवरून नुकतेच आले होते, बनियनवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "वाचून सही केलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी बनियनवर शर्ट चढवला. मग म्हणाले, "त्या पोरीच्या बापाच्या जागी मी असतो तर?" दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर समितीच्या अध्यक्षांकडे आले.

मी हाताने लिहून नेलं होतं. जाळी मोडलेली होती, तुला पुढे बोलावलं, तू दोनदा विचारलंस, फोटो नंतर काढला, जाळी मी आणि अंजलीने उचलली. अध्यक्ष म्हणाले, "बाळा, आधी एक लिहिलंस, आता दुसरं. यातलं खोटं कोणतं ते आम्ही कसं ओळखायचं?" पप्पा म्हणाले, "साहेब, जे लिहून तिचं नुकसान होणार आहे ते खरं असेल." अध्यक्षांनी कागद ठेवून घेतला, पोच मात्र देईनात. पप्पा पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

अंजलीकडे गेले होते. तिचं लग्न ठरलंय. दारातच म्हणाली, "मला यात ओढू नकोस, रोशनी. माझ्या सासरचे लोक सरांच्या ओळखीचे आहेत." आत बोलावलं नाही.

यादीतून माझं नाव काढलंय. कारण लिहिलंय शिस्तभंग. मैदानावर यायला बंदी आहे.

समितीने पुन्हा बैठक ठेवायचं कबूल केलंय, तुझी बाजू ऐकायला. तुला पत्र येईल. यायचं की नाही ते तू ठरव.

रोशनी


नामपूर
१८ ऑगस्ट २०२४

रोशनी,

तुझं जुलैचं पत्र मी महिनाभर कोणाला दाखवलं नाही. उशाशी ठेवत होते. रोज सकाळी वाचायचे आणि रोज एकाच जागी अडकायचे. जाळीच्या खोटेपणाशी नाही, "ऊन डोळ्यांवर येत होतं" या वाक्याशी. ते तू सर समोर नसताना लिहिलंस. तुझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. मी तुला खांद्याचं शिकवत होते आणि तू मला ऊन लिहून पाठवलंस. मार्चमध्ये तू खरं लिहिलं असतंस तर मी परीक्षा दिली असती. सरांची माफी मागितली नसती. आईने मला विहिरीपासून लांब ठेवलं नसतं. बॉलला घाई केलीस आणि खरं बोलायला इतका उशीर. हे मी तुला सुनावायचं म्हणून लिहितेय.

समितीचं बोलावणं आल्यावर बापूंना तुझं ते पत्र वाचून दाखवलं. ते खाटेवर बसले होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तुनी चुकी नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मला जवळ घेतलं वगैरे नाही. ते आम्हाला जमत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार समितीतून आमच्या शेजारच्या कुसाबाई आल्या आणि त्यांनी आईला सांगितलं, की भिकन मापाडी आज प्रत्येक मापाला थांबून समोरच्याला सांगत होता, "मनी पोरनी चुकी नव्हती." शेतकरी, व्यापारी, हमाल, कोणीही समोर येवो. लोक वैतागले म्हणे.

संध्याकाळी मी समितीने पाठवलेला तो फोटो बाहेर काढून उजेडात धरला. जाळीच्या डाव्या पायाखाली वीट आहे. स्पष्ट दिसते. नऊ महिने तो फोटो आमच्या घरात होता, पत्र्याच्या पेटीत. बापूंनी तो वीस जणांना दाखवला असेल. आम्ही सगळे जाळीकडेच बघत राहिलो.

सव्वीस तारखेला आम्ही येतोय. तू समितीसमोर सगळं तोंडाने सांगायचंस, मी समोर असताना. फक्त एक सांगू नकोस. तू हसलीस आणि "मी राइटलाच मारते" म्हणालीस, ते तुझ्या लेखी जबाबात नाही असं दिसतं. ते बोललीस तर सगळे तेच धरून बसतील, म्हणतील दोन पोरींची मस्करी होती, आणि सर मोकळे सुटतील. ते माझ्यापुरतं राहू दे. ते मी तुझ्याकडून घेतलंय आणि त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन.

मोहिनी


नामपूर
२२ सप्टेंबर २०२४

रोशनी,

समितीचा निकाल पोस्टाने आला. अडीच ओळींचा आहे. "सुरक्षेची पुरेशी काळजी घेण्यात आली नव्हती. खेळाडूची चूक आढळून येत नाही. संबंधित प्रशिक्षकांना कार्यमुक्त करण्यात आले आहे." सरांचं नावसुद्धा नाही. बापूंनी त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या. कोणाला देणार आहेत देव जाणे.

काल अंजलीचं पाकीट आलं. एका कागदावर तिने लिहून सही केलीये, जाळी मी उचलली होती. तारीख निकालानंतरची आहे. आता त्याचा काही उपयोग नाही, पण मी तो निकालाबरोबर ठेवलाय. तिच्याकडूनच कळलं की सरांना दुसऱ्या तालुक्यातल्या एका संघाने ठेवूनही घेतलं. तिथल्या मुलींना कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. बापू म्हणतात, एक झेरॉक्स तिकडे पाठवू. पत्ता शोधतायत.

डोळ्याचं सांगायचं तर यापेक्षा सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी पेपर देणार आहे. त्याचा फॉर्म बापूंनीच आणला. होस्टेलवर मात्र ठेवणार नाहीत. पेपरापुरतं नेतील आणि आणतील.

राज्याचा संघ तुझ्याशिवाय गेला हे कळलं. तुला वाईट वाटलं असेल. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. बैठकीनंतरच्या पत्रात तू लिहिलंस की आता बॅट हातात धरवत नाही. धर किंवा धरू नकोस, मला त्यात विचारू नकोस. बाहेरच्या बॉलबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं मी तुला देऊन टाकलंय. यापुढे माझ्याकडे काही नाही.

तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलंस, की बैठकीत मी एकदाही तुझ्याकडे बघितलं नाही, ते ठरवून होतं का. मी तुला माफ केलं का, हेही तुला त्यातच विचारायचं होतं, ते मला कळलं.

बैठकीला तू आणि पप्पा उशिरा आलात. टेबलाच्या त्या बाजूला एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून तू माझ्या डावीकडे बसलीस. त्या बाजूचं मला दिसत नाही. तू उभी राहिलीस, तुझा आवाज फुटला, पप्पांनी पाणी पुढे केल्याचा आवाज आला, मग तू परत पहिल्यापासून सुरुवात केलीस. नुसती मान वळवली असती तरी तू दिसली असतीस. मी वळवली नाही. ते ठरवून होतं.

पण एकेक शब्द ऐकला.

मोहिनी